भगवानरावांनी भरलेलं गाणं

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर भगवानरावांनी घरी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा कडा गावातल्या लोकांना वाटलं की आता हा माणूस दिवसभर त्यावर पत्ते खेळत बसणार. पण सारी नोकरी ऑफिसात टाइपिंग करण्यात गेलेली, बोटं कशी गप्प बसतील? त्यांनी लग्नपत्रिका टाइप करून द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता अर्ध्या गावाच्या पत्रिका त्यांच्या बैठकीतून निघू लागल्या. त्यांच्या हातून गेलेल्या पत्रिकेत चूक म्हणून सापडायची नाही. दोन शब्दांमध्ये एकाऐवजी दोन जागा मोकळ्या सुटल्या, तरी त्यांच्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं व्हायचं. मोकळी जागा दिसली की मिटवायची, हा त्यांच्या बोटांचा धर्मच होता. त्यांची बायको मंगल म्हणायची, "तुमच्यापुढं निवांत बसायचं बी भ्या वाटतं. मोकळी दिसले तर मला बी पुसून टाकाल."

तर अशा या भगवानरावांच्या एकुलत्या एका लेकीचं, शिवकन्येचं, लग्न ठरलं. पत्रिका झाली, आचारी ठरला, शेजारच्या सत्तारभाईंना मांडव आणि स्पीकर सांगून झाले. एकच विषय राहिला होता आणि तो घरात कुणी काढत नव्हतं. हळदीला गाणं कोण सांगणार?

हळदीचं गाणं एकीनं सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी मागे धरायचं, अशी तिकडची रीत. सांगणारी चांगली असली तर हळद रंगते, नाहीतर बायका नुसत्या एकमेकींच्या साड्या बघत बसतात. आणि सांगणारी म्हटलं की गावात एकच नाव निघायचं, प्रयाग. भगवानरावांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. लोक आधी प्रयागला विचारायचे, मग भटजीला.

पण हे झालं पूर्वीचं. आठ-नऊ वर्षांपूर्वी प्रयागचा नवरा उसाचा ट्रॅक्टर उलटून गेला, ती भावाकडे राहायला आली आणि तेव्हापासून तिला हळदीचं बोलावणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. बोलावणं यायचं थांबलं, एवढंच. लग्नघरी ती जायची ती मागच्या दारानं, सरळ चुलीपाशी. पुढं मांडवात गाणं सुरू झालं की तिचं लाटणं त्या ठेक्यावर चालायचं आणि सांगणारी चुकली की लाटणं जागच्या जागी थांबायचं. शेजारची आमिनाबी, सत्तारभाईंची बायको, पूर्वी प्रयागच्या मागे गाणं धरायला पहिली असायची. ती म्हणायची, "तुझं लाटणं थांबलं की मला कळतंय, तिकडं गाणं मेलं."

आणि शिवकन्येला तर गावातच असलेल्या या आत्यानं लहानपणापासून वाढवलेलं. डोक्यातल्या उवा काढण्यापासून ते बारावीच्या परीक्षेला शाळेच्या फाटकापर्यंत सोबत जाण्यापर्यंत. त्यामुळे एक दिवस चहाच्या वेळी पोरीनंच विषयाला तोंड फोडलं.

"माझ्या हळदीला आत्यानंच सांगायचं. न्हाईतर मला हळदच नको."

मंगलनं भगवानरावांकडे बघितलं. भगवानरावांनी रुक्मिणीकाकूंकडे बघितलं. रुक्मिणीकाकू म्हणजे त्यांची चुलती, भावकीतली सगळ्यांत थोरली बाई. काका नव्वदीला टेकलेले, पण त्यांच्या जिवावर काकूंचं कुंकू अजून रुपयाएवढं. भावकीतलं कुठलंही कार्य काकूंच्या मानेच्या होकाराशिवाय हलायचं नाही.

"मला काय तिचा राग हाय व्हय?" काकू म्हणाल्या. "माझ्या मांडीवर वाढली ती. पर रीत हाय, पोरी. उद्या तुझ्या संसारात काय इपरीत झालं, तर लोक बोट कुणाकडं दाखवतील? तिच्याकडंच. तिच्या जिवाला आणखी घोर कावून लावता?"

काकूंचं हे बोलणं दुष्टाव्याचं नव्हतं, हीच तर सगळी अडचण होती.

आता भगवानरावांचा स्वभाव असा, की दोन माणसांत पेच पडला की त्यांनी कुणाचीही बाजू घ्यायची नाही, तिसरीच काहीतरी सोय काढायची. साहेब आणि युनियन यांच्या मध्ये त्यांनी सारी नोकरी अशीच निभावून नेली होती. बहिणीला मांडवात बसवा, असं काकूंना तोंडावर सांगायची त्यांची छाती नव्हती. आणि लेकीच्या हळदीत बहिणीचा आवाज नाही, ही कल्पना त्यांना सोसवत नव्हती. बशीतला चहा संपेपर्यंत त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "असं करू. प्रयागचं गाणं कॉम्प्युटरवर भरून घेऊ, आन् मांडवात स्पीकरवर लावू."

काकूंनी जरा वेळ मान डोलावली. "आवाजाला कुठं कपाळ असतं? लावा."

सगळ्यांना हायसं वाटलं. प्रयाग उंबऱ्यापाशी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. ती म्हणाली, "म्हंजी माझा आवाज म्होरं पाटापाशी, आन् मी मागं चुलीपाशी? जमतंय की. तेवढ्या पोळ्या बी होतील." आणि ती हसली. ती हसली म्हणून सगळे हसले. शिवकन्या तेवढी उठून आत गेली आणि भगवानरावांनी बशी उगीचच पुन्हा तोंडाला लावली.

गाणं भरायचा बेत दुपारचा ठरला. भगवानरावांनी आदल्या दिवशी मोबाइलवर बघून बघून सारी माहिती करून घेतली होती. बैठकीच्या खिडक्यांवर वाकळा टांगल्या. पंखा बंद केला. मंगलला कुकर लावायची मनाई केली. शेजारी जाऊन सत्तारभाईंना तासभर शेळ्या पलीकडे बांधायची विनंती केली. इतकं करून प्रयागला खुर्चीवर बसवलं, माइक पुढे धरला, तर प्रयाग म्हणाली, "खुर्चीवर बसून हळदीचं गाणं? मला काय भाषण करायचंय?"

ती खाली बसली. माइकची वायर खालपर्यंत पुरेना. मग भगवानरावांनी कॉम्प्युटरच जमिनीवर उतरवला आणि पंचाहत्तर किलोचा तो माणूस त्याच्यापुढे मांडी घालून बसला. बंद खोलीत दोघांनाही घामाच्या धारा लागल्या.

"आता कुणाकडं बघून म्हणू?" प्रयागनं विचारलं.

"माझ्याकडं बघ."

"तुझ्याकडं बघून? तू काय नवरी हाईस?" असं म्हणून तिला जे हसू लागलं, ते आवरेना. भगवानराव रागावले, मग तेही हसले. कितीतरी वर्षांनी बहीणभाऊ असे एकटे बसून हसत होते. लहानपणी ते ज्वारीच्या कणग्यामागे लपून असेच हसायचे, हे दोघांनाही आठवलं असणार, पण कुणी बोललं नाही. शेवटी प्रयागनं पदर सारखा केला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"दारी मांडव सजला, कोणी गं घातिला?"

भगवानरावांच्या अंगावर काटा आला. आवाज होता तसाच होता, ऊन लागलेल्या मातीसारखा कोरडा आणि ऊबदार. आणि ती थांबली. ओठ मिटून, खाली बघत बराच वेळ गप्प राहिली. मग पुढची ओळ.

"हिरवी चोळी नवरीला कोणी गं शिविली?"

पुन्हा थांबली. प्रत्येक ओळ झाली की ती तशीच थांबायची, मान जराशी कलती करून, आणि भगवानरावांचं काळीज पिळवटायचं. त्यांना वाटलं, हिला भरून येतंय. एकेक ओळ म्हणते आणि हिला जुनं सगळं आठवतं, गळा दाटतो. त्यांनी तिच्याकडे बघणं सोडून दिलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे नजर लावून बसले. पडद्यावर तिचा आवाज उमटत होता, बाजरीची कणसं ओळीनं मांडून ठेवावीत तसा. कणीस, मग मोकळी सरळ रेघ. कणीस, मग रेघ.

"बरं झालं का रे दादा?" शेवटी तिनं विचारलं.

"झ्याक झालं," भगवानराव म्हणाले आणि डोळ्यांतला घाम पुसला. तो घामच होता, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाणं नीट करायला बसले. पडद्यावर त्या रेघा बघवेनात. त्यांना वाटलं, मांडवात दोनशे बायका असतील. प्रत्येक ओळीनंतर हिचा गळा असा दाटलेला लोकांनी ऐकायचा? गाणं सोडून बायका कुजबुजतील, बिचारी, बिचारी. माझ्या बहिणीला कुणी बिचारी म्हणायचं कारण नाही. आणि बोटं तर त्यांची आधीच शिवशिवत होती. त्यांनी एक मोकळी रेघ माउसनं धरली आणि पुसून टाकली. कणसाला कणीस येऊन चिकटलं. मग दुसरी पुसली, मग तिसरी. सकाळची न्याहारी राहिली, मंगल दोनदा हाक मारून गेली, पण सगळ्या रेघा संपेपर्यंत ते उठले नाहीत. आयुष्यात इतक्या मायेनं त्यांनी कुठलीच पत्रिका दुरुस्त केली नव्हती.

हळदीच्या दिवशी दुपार कलायच्या सुमाराला मांडव बायकांनी गच्च भरला. शिवकन्या पाटावर बसली, तोंड फुगवून. समोर वाटीत हळद. काकू खांबापाशी मानाच्या जागी. सत्तारभाईंनी स्पीकर लावला. पुरुष मंडळी बाहेर रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसली होती, पण भगवानरावांना स्पीकरपाशी थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते बावरून उभे होते. मागच्या अंगणात चुलीवर पोळ्या चालल्या होत्या.

त्यांनी मान हलवली आणि सत्तारभाईंनी गाणं सोडलं.

"दारी मांडव सजला, कोणी गं घातिला?"

प्रयागचा आवाज मांडवभर झाला आणि बायकांत सळसळ उठली. कित्येकींच्या डोळ्यांत पाणी आलं. आमिनाबीनं छाती भरून श्वास घेतला, सगळ्यांच्या आधी आवाज काढला, बाकीच्यांनी तिच्यात आवाज मिसळला, "बापानं घातिला, बाई..."

पण तोवर स्पीकर पुढे गेला होता. "हिरवी चोळी नवरीला कोणी गं शिविली?"

"...बापानं घातिला," बायकांचं उत्तर संपलं. त्या घाईघाईनं चोळीकडे वळल्या, "आईनं शिविली, बाई..." पण स्पीकर विचारत होता, पायी जोडवी वाजती, कोणी गं आणिली? बायका धावत होत्या आणि गाणं त्यांच्यापुढे धावत होतं. आईनं जोडवी शिवली, मामानं पैठणी विणली, चुलत्यानं कुंकू लावलं. एक पोरगी खुदकन हसली आणि मग सगळा मांडवच फुटला. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसू लागल्या. स्पीकरला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तो आपला सवालामागून सवाल करत सुटला होता.

"भाईजान," आमिनाबी ओरडली, "प्रयाग अशी पळती कावून? तिच्या मागं कुत्रं लागलंय का काय?"

"मला... मला काय म्हाईत," भगवानराव म्हणाले.

"अवो, ती थांबती! एक ओळ सांगती आन् आमच्यासाठी थांबती. आमचं होऊ देती, मग म्होरं जाती. तिच्यासारखं थांबाया कुणालाच येत न्हाई, म्हणून तर तिचं नाव!"

सारा जन्म भगवानरावांनी हळदीचं गाणं ऐकलं होतं, पण मांडवाबाहेर, पुरुषांच्या खुर्च्यांत बसून, उसाच्या भावाच्या गप्पा मारता मारता. आतून एक गाणं ऐकू यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यात कोण विचारतं आणि कोण उत्तर देतं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. म्हणजे प्रयाग त्या दिवशी रडत नव्हती. बंद खोलीत, घामाघूम होऊन, ती या सगळ्यांसाठी थांबत होती.

सत्तारभाईंनी वायर ओढली. आवाज तुटला आणि रुक्मिणीकाकू कडाडल्या, "तोडू नका रे! हळदीचं गाणं मधी तोडत न्हाईत. अपशकुन असतो!"

"मग कोण म्हणंल?" मंगल रडकुंडीला आली होती. "मला तर निम्मं बी येत न्हाई."

"कुणीबी कसं चालंल? ज्या गळ्यात सुरू झालं, त्याच गळ्यात संपाया पायजे," काकू म्हणाल्या. आणि आपण काय बोलून बसलो, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

भगवानराव मागच्या दाराकडे चालू लागले.

प्रयाग चुलीपुढे बसली होती. तव्यावरची पोळी करपत होती, लाटणं हातातच होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. भावाला बघून ती म्हणाली, "दादा, काय केलंस रे माझ्या गाण्याचं?"

"मोकळी जागा होती. ती मिटवली."

"मोकळी कुठं? तिथं बायका हायेत की."

"मला वाटलं तू रडतीस," भगवानराव म्हणाले. "मला वाटलं, तुला भरून येतंय. ते लोकांनी ऐकू नये म्हणून..."

प्रयाग त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा हा भाऊ साठीला आला होता आणि अजून त्याला काही कळत नव्हतं. तिला त्याची फार माया आली. "यडा हाईस," एवढंच ती म्हणाली.

"चल."

"कुठं?"

"म्होरं. मांडवात."

"काकू हायेत तिथं."

"काकूंचं मी बघतो," भगवानराव म्हणाले. मी बघतो, हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणाच्या बाबतीत निघाले नव्हते, त्यामुळे ते जरा चढ्या आवाजात निघाले. त्यांनी तव्यावरची पोळी काढली, हात पोळून घेतला आणि बहिणीच्या हातातलं लाटणं काढून ठेवलं.

प्रयाग मांडवात आली ती पिठाच्या हातांनीच. पुढे गेली नाही, मांडवाच्या कडेच्या मेढीपाशी खाली बसली. शिवकन्येचं फुगलेलं तोंड क्षणात कसंतरीच झालं. काकूंनी भगवानरावांकडे बघितलं. भगवानरावांनी या खेपेला नजर खाली घातली नाही.

"काकू, माझ्या लेकीची हळद हाय," ते म्हणाले. "गाणं माझी बहीण सांगंल. बोट दाखवायचं त्यानं माझ्याकडं दाखवावं."

काकूंची मान हलली नाही. होही नाही आणि नाहीही नाही. प्रयागनं डोळे मिटले.

"दारी मांडव सजला, कोणी गं घातिला?"

आणि ती थांबली.

कुणी उत्तर दिलं नाही. साऱ्या बायका काकूंच्या तोंडाकडे बघत होत्या. आमिनाबीचंसुद्धा तोंड उघडलं आणि मिटलं. आपण शेजारच्या, भावकीच्या आधी कसं बोलावं, असं तिला झालं असावं. प्रयाग थांबूनच होती, मान जराशी कलती करून. कॉम्प्युटरवर असली जागा पुसायला भगवानरावांना एक बोट पुरलं होतं. इथं ती काही केल्या सरेना. बहिणीच्या कानशिलावरून घामाचा ओघळ आला, तो त्यांना दिसला. हळदीच्या गाण्यात पुरुषानं तोंड उघडल्याचं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

भगवानरावांनी तोंड उघडलं.

"बापानं घातिला, बाई, बापानं घातिला."

आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागरीचा. सुराशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यातला 'बाई' तर इतक्या गांभीर्यानं आला, की बाहेर खुर्च्यांवरचे पुरुष उठून उभे राहिले. पण उत्तर खरं होतं. मांडव बापानंच घातला होता आणि बाप ते स्वतःच्या तोंडानं सांगत होता. आधी शिवकन्या हसली, हसता हसता रडली, मग आमिनाबीनं काही न बघता ती ओळ उचलली, "बापानं घातिला, बाई, बापानं घातिला," आणि तिच्यामागून सगळा मांडव.

चोळी आईनं शिवली, जोडवी मामानं आणली, पैठणी मावशीनं नेसवली. प्रयाग विचारत गेली, थांबत गेली आणि दोनशे बायका तिला उत्तर देत गेल्या. पण ती जोडव्यांच्या, पैठणीच्या पुढे आली आणि खरोखरच अडली. ओळ आठवत होती, ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येईना. आता मात्र तिचा गळा दाटला होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. बायका वाट बघत राहिल्या. आता गाणं मधेच तुटतं की काय?

तेवढ्यात खांबापाशी एक जुना, पातळ आवाज लागला. रुक्मिणीकाकूंचा.

"हळद पिवळी अंगाला, कोणी गं लाविली?"

हे कडवं भरून घेतलेल्या गाण्यात नव्हतंच, हे भगवानरावांच्या आत्ता ध्यानात आलं. प्रयागनं ते गाळलं होतं. बायकांना उत्तर ठाऊक होतं, पण एकीनंही ते उचललं नाही. त्या साऱ्या थांबल्या होत्या, प्रयाग त्यांच्यासाठी थांबायची तशा.

काकूंनी पाटापुढची हळदीची वाटी उचलली आणि मेढीच्या दिशेनं सरकवली.

"म्हण की आता," काकू खेकसल्या. "का उत्तर बी मीच देऊ?"

प्रयागनं पिठाचे हात पदराला पुसले, वाटी जवळ ओढली आणि फुटक्या आवाजात म्हणाली, "आत्यानं लाविली, बाई, आत्यानं लाविली."